पेटीतून आलेली पुस्तके : बडोद्याच्या मराठी वाचनाचा मागोवा

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आम्ही दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात गेलो होतो. वाडा विकला गेला होता. ओसरीवर गाठोडी बांधून ठेवलेली होती आणि भिंतीवर तसबिरी काढलेल्या जागी रंगाचे चौकोन तेवढे उरले होते. वहिनींनी नेहमीप्रमाणे वर्गणी दिली, चहा दिला आणि पावती घेताना म्हणाल्या, "भाऊ, या वेळी अजून एक न्या. मामंजींची पुस्तकं आहेत. नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही. मुलं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. मंडळ घेत असेल तर बरं, नाहीतर उद्या पस्तीवाला येणारच आहे."

तीन गोणी भरल्या. रिक्षा करून त्या मंडळाच्या खोलीत आणल्या आणि मांडवाच्या कनातींशेजारी टेकवून ठेवल्या. विसर्जन झाल्यावर तीन रविवार बसून आम्ही ती पुस्तके झटकली, पुसली, लावली. बरीच वाळवीने खाल्लेली होती. राहिली त्यांत पोथ्या होत्या, हरिभाऊ आपटे होते, सयाजी साहित्यमालेतले एक पुस्तक होते, व्यायाम ज्ञानकोशाचा एक जाडजूड खंड होता आणि मुखपृष्ठ नसलेले 'अभिरुची' मासिकाचे दोन अंक होते. तळाशी एक वही सापडली. तिच्यावर शाईने लिहिले होते, 'वाचलेली पुस्तके'. पुस्तकाचे नाव, कोठून आणले, केव्हा परत केले, असे तीन रकाने. 'कोठून' या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच नोंद होती, 'सेंट्रल लायब्ररी'.

हे गृहस्थ साहित्यिक नव्हते. एका लहानशा नोकरीवर त्यांनी जन्म काढला. गुजरातच्या मध्यावर, पुण्या-मुंबईपासून दूर, अशा घरात इतकी मराठी पुस्तके कशी पोहोचली? आपण बडोदेकर या प्रश्नाला ठरलेले उत्तर देतो, "महाराज होते म्हणून." उत्तर खोटे नाही. पण त्या गोणींच्या निमित्ताने आम्ही जुन्या गोष्टी पुन्हा चाळल्या, तेव्हा ते अपुरे आहे असे आमच्या ध्यानात आले.

सुरुवात महाराजांपासूनच करायला हवी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ मध्ये बारा वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून बडोद्यास आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळख इथे आल्यावर झाली. डिसेंबर १८८१ मध्ये राज्याचा पूर्ण अधिकार हाती आल्यानंतरही सयाजीराव गायकवाडांचे शिकणे थांबले नाही. १८८९ मध्ये त्यांनी वाचक म्हणून एका तरुणाला नोकरीस ठेवले. तेच पुढे रियासतकार म्हणून प्रसिद्ध झालेले गोविंद सखाराम सरदेसाई. 'मराठी रियासत' लिहिणारा इतिहासकार बडोद्याच्या चाकरीत १९२५ पर्यंत होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात असते.

ज्याला बाराव्या वर्षी अक्षर भेटले, त्याला अक्षराचे मोल अधिक कळले असावे. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झाले. मग दुसरी अडचण पुढे आली. मूल चार इयत्ता शिकते, शाळा सोडते, आणि घरात वाचायला काहीच नसल्यामुळे काही वर्षांत शिकलेले विसरते. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन शहरातले ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना बडोद्यास बोलावले. राजवाड्यातला स्वतःचा सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह देऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. आपल्या मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी ती हीच. तिथल्या लोखंडी घोड्यांमधून आणि काचेच्या फरशीवरून चालताना लहानपणी आपल्यातल्या कित्येकांचे पाय लटपटले असतील.

बोर्डन १९१३ पर्यंत इथे होते. एवढ्या काळात त्यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण पद्धत तयार केली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग सुरू केला. असा वर्ग हिंदुस्थानात पहिलाच. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी हे काम सांभाळले आणि १९१९ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. गुजराती गावांमध्ये वाचनालये उभी करण्यासाठी चरोतरचे मोतीभाई अमीन झिजले. त्यांची मित्रमंडळ वाचनालये बोर्डन येण्याआधीपासून चालू होती.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत आवडते ती फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी. पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके भरायची, कुलूप लावायचे आणि ज्या गावाने मागितली तिथे राज्याच्या खर्चाने पाठवायची. गावातल्या एखाद्या शिक्षकाने किंवा जबाबदार माणसाने ती उघडायची, पुस्तके द्यायची, नोंद ठेवायची, मुदत संपली की पेटी परत करायची. मग दुसरी पेटी यायची. ज्या गावात ग्रंथालय नव्हते, तिथेही पुस्तक पोहोचू लागले.

पेटी मागणाऱ्या गावाला पुढे स्वतःचे वाचनालय हवेसे वाटले, तर त्यालाही नियम होता. गावकऱ्यांनी वर्षाला १०० रुपयांपर्यंत रक्कम उभी करायची. तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. मोठ्या कसब्यांना हीच मर्यादा अधिक होती. आम्ही स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे अनुदानाच्या अनेक तऱ्हा पाहिल्या आहेत, म्हणून या नियमातली खुबी आम्हाला चटकन जाणवली. पहिला तिसरा हिस्सा लोकांचा होता. लोकांनी खिशात हात घातला नाही, तर महाराजांचाही पैसा येत नव्हता. म्हणजे त्या काळातले वाचन सगळे राजाश्रयावर चालले, ही आपली समजूत अर्धीच खरी.

राज्यातली बहुसंख्य प्रजा गुजराती होती. साहजिकच या चळवळीचा मोठा भाग गुजराती पुस्तकांचा होता, आणि तो तसा असणेच योग्य होते. पण मराठीला तिचा वाटा मिळत राहिला. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे नियतकालिक बडोद्यातून निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांतला मजकूर असे. कोणती पुस्तके आली, कोठे वाचनालय उघडले, ग्रंथपालाने काय करावे, हे सारे त्यातून कळे. १९१९ पर्यंत ते चालले. आजकाल आपण पुस्तकांची बातमी म्हणतो, ती शंभर वर्षांपूर्वी या गावात तीन भाषांतून छापली जात होती. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दामोदर सावळाराम यंदे यांच्या 'सयाजीविजय' साप्ताहिकाने इथल्या मराठी घरांना वर्तमानपत्राची गोडी लावली होती.

त्याच १९१२ साली बडोद्यात गुजराती साहित्य परिषद भरली. त्या वेळी महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले. मूळ रक्कम तशीच ठेवून तिच्या व्याजातून गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत पुस्तके काढायची, अशी योजना होती. तीतूनच सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला निघाल्या. गुजरातीच्या परिषदेत मराठीचीही तरतूद झाली आणि कोणी हरकत घेतली नाही. शेजारच्या भाषेशी भांडून नव्हे तर तिच्या पंगतीत बसून आपली भाषा जगू शकते, याचे हे आमच्या माहितीतले चांगले उदाहरण.

सरकारी नोकराला अगत्याने सांगावेसे वाटते असे एक पुस्तक आहे, 'श्रीसयाजीशासनकल्पतरु', साल १९३१. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे सात भाषांतले पर्याय त्यात दिले आहेत. म्हणजे मूळ धरून आठ भाषा झाल्या. आज आम्ही कचेरीत दिवसभर गुजरातीत टिपणे लिहितो. एखाद्या शब्दापाशी अडलो की या कोशाची आठवण होते. कारभाराच्या शब्दांसाठी आपल्या भाषांची झोळी रिकामी नाही, हे दाखवण्याचा तो खटाटोप होता. गोणीत सापडलेला व्यायाम ज्ञानकोशही याच मातीतला. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांत हा कोश बडोद्यातच तयार केला. जोर, बैठका, कुस्ती, लाठी यांच्यावर एवढे मोठे मराठी काम तालमींच्या या गावात झाले, हे शोभण्यासारखेच आहे.

आता संमेलनांकडे वळू. पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ मध्ये पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. बडोद्याची पाळी १९०९ मध्ये आली. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने डॉक्टर आणि औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार. दुसऱ्यांदा संमेलन आले १९२१ मध्ये, लोकमान्य जाऊन एकच वर्ष झाले होते तेव्हा, आणि अध्यक्षस्थानी 'केसरी'चे न. चिं. केळकर होते. तिसऱ्यांदा १९३४ मध्ये, अध्यक्ष ना. गो. चापेकर. त्यांचे 'बदलापूर : आमचा गाव' हे पुस्तक आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. आपल्या गावाचीही खडान्‌खडा माहिती गोळा करून ग्रंथ लिहिता येतो, हे त्यांनी दाखवले. दांडिया बाजाराचे असे पुस्तक अजून कोणी लिहिलेले नाही, आणि एकेक वाडा पडतो आहे. सयाजीराव स्वतः १९३२ मध्ये कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर राहिलेला माणूस एकोणसत्तराव्या वर्षी मराठी साहित्यिकांच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला.

हे भाग्य बडोद्याचेच होते असे नाही. हा अंक आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या सोयऱ्यांकडेही जातो, म्हणून सांगतो. इंदूरला १९१७ मध्ये संमेलन झाले. १९२८ ला ग्वाल्हेर, १९२९ ला बेळगाव, १९३० ला मडगाव आणि १९३१ ला हैदराबाद, अशी सलग चार वर्षे संमेलन आजच्या महाराष्ट्राच्या बाहेरच भरले. ग्वाल्हेरला १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती ग्वाल्हेरात. मराठीचे अंगण किती मोठे होते, हे या यादीवरून कळते.

त्या काळाची आठवण काढताना एक गोष्ट लपवू नये, असे आम्हाला वाटते. ज्या बडोद्यात ग्रंथालय सर्व जातींना खुले होते, त्याच बडोद्यात १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राज्याच्या नोकरीवर रुजू व्हायला आले. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले होते. त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते उतरले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढले, आणि काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. कमाटी बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. तेव्हा आपल्या वाड्यांमध्येही रियासती, कादंबऱ्या वाचल्या जात होत्या. पण त्यांतल्या एकाही वाड्याचे दार उघडले नाही. पुस्तक घरात येणे आणि मनात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या अभिमानाच्या कहाणीत विसरून चालणार नाही.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज गेले. "मग सगळे संपले," असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण गोणीतले ते मुखपृष्ठ नसलेले दोन अंक वेगळेच सांगतात. महाराजांनंतर चारच वर्षांनी, १९४३ मध्ये, पु. आ. चित्रे यांनी बडोद्यातून 'अभिरुची' मासिक काढले. हे काही राज्याचे प्रकाशन नव्हते. युद्धाचे दिवस, सगळ्याच गोष्टींची टंचाई, आणि मराठी प्रकाशनाच्या मुख्य पेठा दूर. तरीही मराठीतल्या नव्या लेखनाने ज्या मासिकांत पाय रोवले त्यांत 'अभिरुची'चे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मर्ढेकरांची नवी कविता त्यात आली आणि तिच्यावरून वाद पेटले. 'निषाद' या नावाने मं. वि. राजाध्यक्ष त्यात 'वाद-संवाद' हे सदर लिहीत. नवे पुस्तक, नवा वाद, कोणी काय म्हटले, कोणाचे काय चुकले, अशी खुसखुशीत साहित्यवार्ता त्यात असे. 'पुरुषराज अळूरपांडे' हे आणखी एक गमतीचे नाव. पुरुषोत्तम म्हणजे पु. ल. देशपांडे, राजाध्यक्ष आणि अळूरकर अशा तिघांची नावे मोडून-जोडून ते बनवले होते. पु. ल. पुढे घराघरांत पोहोचले. त्या आधीच्या त्यांच्या उमेदवारीला बडोद्याच्या या मासिकाने जागा दिली होती.

पु. आ. चित्रे यांचे चिरंजीव दिलीप चित्रे यांचा जन्म बडोद्याचाच, १९३८ चा. त्याआधी १८९४ मध्ये माधव जूलियन इथेच जन्मले. राजकवी चंद्रशेखर इथलेच, आणि त्यांच्यानंतर राजकवी झालेले यशवंत यांचेही नाव बडोद्याशी जोडलेले. पुढे चित्रे कुटुंब मुंबईला गेले, आणि आणखी काही वर्षांनी 'अभिरुची' थांबले. आमच्या हातातल्या अंकांच्या समासात त्या गृहस्थांनी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. एका कवितेशेजारी मोठे प्रश्नचिन्ह आहे, आणि खाली लहान अक्षरात 'पुन्हा वाचणे' असे लिहिले आहे. दांडिया बाजारातल्या एका कारकुनाला नवी कविता कळली नाही, आणि म्हणून त्याने ती पुन्हा वाचायची ठरवली. चांगला वाचक म्हणतात तो हाच, असे आम्हाला वाटते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ११ वर्षांनी, १ मे १९६० रोजी, गुजरात आणि महाराष्ट्र ही दोन राज्ये झाली आणि आपण गुजरातमध्ये राहिलो. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. या मातीने आपल्याला नोकरी दिली, घर दिले, शेजार दिला. आमच्या कित्येकांच्या घरात गुजराती सून किंवा गुजराती जावई आहे. बदलले ते इतकेच की मराठी ही कारभाराच्या जवळची भाषा राहिली नाही. मराठी शाळांचे वर्ग हळूहळू रिकामे झाले. आधी गुजराती आणि मग इंग्रजी माध्यम आले. मुलांच्या भवितव्यासाठी आईबापांनी जे केले त्याला नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्हीही आमच्या मुलांच्या बाबतीत तेच केले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये, ८४ वर्षांनी, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा बडोद्यात आले. एक्क्याण्णवावे संमेलन, अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख. विद्यापीठाच्या मैदानावर १६ ते १८ असे तीन दिवस कसे गेले ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुस्तकांच्या गाळ्यांवर आम्हीही गर्दी केली, पिशव्या भरून पुस्तके आणली. आणि खरे सांगायचे तर त्यांतली निम्मी आमच्या कपाटात अजून न उघडता पडली आहेत. संमेलनाने उत्साह आला, पण तीन दिवसांचा उत्साह वर्षभर पुरत नाही. वर्षभर पुरणारी गोष्ट होती ती पेटी, नोंदवही आणि ते काम न कंटाळता करणारा एखादा माणूस.

म्हणून गोणीतली पुस्तके निवडून झाल्यावर मंडळाच्या खोलीत आमचा बराच खल झाला. कोणी म्हणाले, काचेचे कपाट करून कार्यालयात लावू. कोणी म्हणाले, सरळ एखाद्या ग्रंथालयाला देऊन टाकू. शेवटी एका जुन्या कार्यकर्त्याने विचारले, "कपाटाला कुलूप लागलं की किल्ली कोणाकडे असते ते सांगा पाहू?" सगळे हसले, कारण मंडळातल्या आधीच्या कपाटाची किल्ली दोन वर्षांपासून सापडत नव्हती. मग मांडवाच्या उरलेल्या प्लायवूडच्या दोन पेट्या सुताराकडून करून घेतल्या. प्रत्येकीत वीस पुस्तके भरली, वर एक वही ठेवली आणि एक पेटी वाघोडिया रोडवरच्या एका सोसायटीत तीन महिन्यांसाठी पाठवली.

पेटी परत आली तेव्हा वीसपैकी सातच पुस्तकांच्या नोंदी होत्या. आम्ही थोडे हिरमुसलो. पण वहीत एकाच घराच्या नावावर लागोपाठ चार नोंदी होत्या, म्हणून तिथे जाऊन चौकशी केली. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी आणि सातवीतली नात. आजींना मोतीबिंदूमुळे वाचवत नाही. नात इंग्रजी शाळेत शिकते, पण शाळेत हिंदी आणि संस्कृत असल्यामुळे देवनागरी अक्षर तिला येते. ती अक्षरे लावून मोठ्याने वाचते, अडते, आणि आजी खाटेवरून शब्दाचा अर्थ सांगतात. "ओसरी म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं," आजी म्हणाल्या. "तिने पाहिलीच नाही ना." नात म्हणाली, "आजी, तू पण 'इंजिनिअर' चुकीचं म्हणतेस." दोघींची तक्रार ऐकत आम्ही चहा घेतला आणि दुसरी पेटी तिथेच ठेवून आलो.

"मुलं मराठी वाचत नाहीत," असे आपण सगळे म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. आता वाटते की यातले अर्धे खोटे आहे. गुजरातीची लिपी थोडी वेगळी, पण आपल्या बहुतेक मुलांना शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी अक्षर ओळखीचे असते. नसते ते पुस्तक, आणि शेजारी बसून शब्द सांगणारे माणूस. जुन्या बडोद्यात लोकांना अक्षर शिकवले आणि मग पुस्तक त्यांच्या दारात नेऊन ठेवले. आपल्याकडे मुलांना अक्षर आधीच येते. दारात पुस्तक नेण्याचे काम तेवढे उरले आहे.

जुना नियमही आम्ही थोडा बदलून घेतला आहे. नवी पुस्तके घ्यायची तर एक हिस्सा ज्या सोसायटीत पेटी जाईल तिथल्या घरांनी द्यायचा, एक मंडळाने, आणि एक एखाद्या देणगीदाराने. पहिला हिस्सा आल्याशिवाय दुसरा निघणार नाही. रक्कम लहान असली तरी चालेल. ज्याने दहा रुपये दिले तो निदान पेटी उघडून तरी पाहतो, एवढा अनुभव आम्हाला आला आहे.

त्या गृहस्थांची वही आता मंडळाच्या खोलीत आहे. तिच्या मागच्या पानांवर 'उसने दिलेली पुस्तके' अशी वेगळी यादी आहे. कोणाला काय दिले, परत आले की रेघ मारलेली. शेवटच्या पानावर रेघ न मारलेली पाच नावे आहेत. त्यांतली दोन घरे आपल्याच मंडळातली आहेत. नावे आम्ही इथे छापत नाही, पण ती पुस्तके अजून कपाटात असतील तर खुशाल आणून द्या, दंड नाही. ती पेटीत जातील.

या वर्षी वर्गणीला कार्यकर्ते येतील तेव्हा ज्यांना आपल्या सोसायटीत पेटी हवी असेल त्यांनी पावतीपुस्तकातल्या स्थळप्रतीच्या मागे नाव लिहून द्यावे. आणि वाडा रिकामा करायची वेळ आलीच, तर पस्तीवाल्याच्या आधी मंडळाला निरोप पाठवावा. गोणी आम्ही घेऊन येऊ.